छत्री घरावर, साठवण कोणाच्या हाती?

आकाशातून येणाऱ्या लहरी पकडण्याचे काम आमच्या जुन्नर-आंबेगाव भागाला नवे नाही. नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाद्वारे दळणवळण करणारे भूकेंद्र सुरू झाले. डॉ. विक्रम साराभाई यांच्या नावाने ते ‘विक्रम’ केंद्र म्हणून ओळखले गेले. परदेशाशी होणारे टेलिफोन या केंद्रातून उपग्रहाकडे जात आणि उपग्रहाकडून येत. तेथील तबकडी जवळजवळ ३० मीटर व्यासाची होती. पुढे नव्वदीच्या दशकात खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी आणि १६ आसपासच्या गावांच्या शिवारात दूरवर पसरलेल्या. एस. टी.तून जाताना आमची मुले त्या मोजत बसतात.

पण या मोठमोठ्या तबकड्या शेजारी असूनही गरिबाच्या घरात दूरदर्शनचे चित्र यायला फार वर्षे गेली. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने देशातील सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पुण्याला त्याच्या पुढच्या वर्षी चित्र दिसू लागले, पण खेड्यात टीव्ही म्हणजे एखाद्या बागायतदाराच्या नाहीतर सावकाराच्या माडीवरची वस्तू. १९८७ साली ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हाचे दिवस आमच्या वयाच्या मंडळींना चांगले आठवतात. टीव्ही एकाच्या घरी आणि बघणारा अख्खा गाव. आत सतरंजीवर कोणी बसायचे, ओट्यावर कोणी आणि खिडकीच्या गजाला धरून बाहेर कोणी उभे राहायचे, हे न सांगता ठरलेले असे. अनेक गावांत आपल्या वस्तीतली पोरे खिडकीशीच होती. घरधन्याला वाटले की खिडकी बंद, मग चित्रही बंद.

म्हणून आज आपल्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरावर स्वतःची छत्री दिसते, ती आम्हाला नुसती चैनीची वस्तू वाटत नाही. कोणाच्या दारात उभे न राहता, आपल्या घरात, आपल्या आईबहिणींच्या शेजारी बसून चित्र बघता येणे याला किंमत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी एका प्रसिद्ध खटल्यात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल दिला. तो देणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राचे न्या. पी. बी. सावंत होते. हवेतून जाणारी लहर ना सरकारची खासगी, ना व्यापाऱ्याची. हे वाक्य आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवे. कारण लहर जरी सगळ्यांची असली, तरी ती उघडून बघण्याची किल्ली मात्र पैसे भरून घ्यावी लागते आणि तेथूनच आमच्या आजच्या विषयाला सुरुवात होते.

आमचे गावचे घर महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव. हुतात्मा बाबू गेनू यांचे हे गाव. १९०८ साली येथे जन्मलेला हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी रस्त्यावर विदेशी कापडाच्या मोटारीपुढे ठाम उभा राहिला आणि तिच्याखाली हुतात्मा झाला. आम्ही नोकरीनिमित्त पुण्यात असतो. गावी आई, धाकटा भाऊ, भावजय आणि पुतणी. शेती थोडी, त्यात कांदा आणि बटाटा. या घरी पैसे भरून बघायचा टीव्ही आणि रेकॉर्ड करणारा बॉक्स आला, त्याचा सगळा हिशेब आणि त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते. वस्तीतल्या चार घरांनीही आम्हाला विचारून छत्र्या बसवल्या, तेव्हा सांगण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

या व्यवस्थेचा थोडा इतिहास सांगतो. घरावरच्या लहान छत्रीवर थेट उपग्रहातून चित्र घेण्याला १९९७ साली सरकारने बंदी घातली होती. पुढे ती उठली. २००३ साली ‘डिश टीव्ही’ ही पहिली खासगी सेवा सुरू झाली. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची मोफत सेवा सुरू झाली, तिला आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणतात. २००६ साली ‘टाटा स्काय’ आली, ती २०२२ पासून ‘टाटा प्ले’ झाली. यांतला मुख्य फरक एवढाच, की फ्री डिशला एकदा छत्री आणि बॉक्स विकत घेतला की दरमहा वर्गणी नाही, आणि बाकीच्यांना रिचार्ज संपला की पडदा काळा.

आता छत्रीची दिशा. हे उपग्रह पृथ्वीच्या विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्याच वेगाने फिरतात, म्हणून आपल्याला ते एकाच जागी थांबलेले वाटतात. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून आपल्या सगळ्या छत्र्या दक्षिणेकडच्या बाजूला तोंड करतात. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या आंबेगावातून त्याच्याकडे बघायचे तर होकायंत्रावर साधारण १३२ अंश, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर. गंमत अशी, की छत्री प्रत्यक्षात एवढी वर बघत असल्यासारखी दिसत नाही. तिची बनावटच तिरकी असते, त्यामुळे ती अधिक उभी वाटते आणि नवखा माणूस तिला उगाच वर वाकवत बसतो.

या अंशांचा एक फायदा सांगतो. वस्तीत जागा कमी, घराला घर लागून आणि मध्ये आंब्याचे नाहीतर शेवग्याचे झाड. छत्री बसवायला आलेला माणूस झाड बघितले की “तोडावं लागेल” म्हणतो. तोडू नका. झाडाचा शेंडा छत्रीपेक्षा दहा फूट उंच असेल आणि ते आग्नेयेला सात-आठ फुटांवर असेल, तरी चित्र येते. कारण लहर वरून, बऱ्याच उभ्या कोनातून येते. इतर कोणत्याही दिशेला झाड असेल तर त्याचा प्रश्नच नाही. झाड पुढे वाढणार, हे धरून चार फूट जास्त अंतर ठेवले की झाले.

छत्री पत्र्यावर ठोकू नये. वाऱ्याने पत्रा थरथरतो आणि छत्रीची दिशा बोटभर जरी हलली तरी चित्राचे चौकोन चौकोन होतात. भिंतीत किंवा स्लॅबच्या कठड्यात चांगले फिशर मारून पाइप उभा करावा, तो ओळंब्यात असावा. वायर खाली आणताना घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत बॉक्सपर्यंत न येता झोळावरून खाली टपकते. टीव्हीवर सिग्नल दाखवणाऱ्या दोन पट्ट्या असतात. पहिली, ताकदीची, भरलेली बघून बसवणारा निघून जाऊ पाहतो. दुसरी, दर्जाची पट्टी भरल्याशिवाय त्याला पैसे देऊ नका. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की टीव्हीचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवावे.

आणि पावसाळ्यात चित्र गेले म्हणून कोणी छपरावर चढू नये. आमच्या भागात भीमाशंकरकडून येणारा पाऊस एकेकदा असा कोसळतो की समोरचे घर दिसत नाही. या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटर, पावसाचे थेंब तिला अडवतात आणि विखुरतात. पाऊस ओसरला की दहा मिनिटांत चित्र आपोआप येते. खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या तारेच्या जाळीच्या आहेत आणि आपली छत्री मात्र सलग पत्र्याची, हे कोडे पुतणीने आम्हाला घातले होते. त्याचे उत्तरही लहरीच्या लांबीतच आहे. खोडदची दुर्बीण वीत-दीड वीत ते मीटर-दोन मीटर आणि त्याहूनही लांब लहरी ऐकते, त्यांना एक-दोन सेंटिमीटरच्या भोकांची जाळी भिंतीसारखीच वाटते. आपली अडीच सेंटिमीटरची लहर तशा जाळीतून निसटून जाईल. नव्वद सालानंतर केबलवाल्यांच्या गच्चीवर आठ-दहा फुटी जाळीच्या छत्र्या असत, त्या साडेसात सेंटिमीटरच्या लहरींसाठी होत्या. शास्त्राच्या पुस्तकातले धडे असे घराच्या छपरावर मिळाले, तर आपली मुले ते विसरणार नाहीत.

कारकुनी पेशामुळे म्हणा किंवा बी. कॉम.मुळे, आम्हाला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्राय या नियामक संस्थेने नवी पद्धत आणली. आपल्याला हवी ती वाहिनी निवडावी, तिचीच किंमत द्यावी. शिवाय छत्री चालू ठेवण्याचे भाडे वेगळे. ते तेव्हा जास्तीत जास्त १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. २०२४ मध्ये या भाड्यावरची कमाल मर्यादा काढण्यात आली, तेव्हा प्रत्येक कंपनीचा आकडा आता आपणच विचारून घ्यावा. समजा सगळे मिळून महिन्याला ३०० रुपये जातात. वर्षाचे ३,६००, दहा वर्षांचे ३६,०००. शेतमजूर भगिनीच्या किती दिवसांच्या हजेरीचा हा पैसा, तो हिशेब ज्याचा त्याने करावा. आम्ही पैसे देऊ नका असे म्हणत नाही. पण रिचार्ज करणारा दुकानदार जो पॅक देतो तो निमूट घ्यायचा आणि त्यातल्या तीस वाहिन्या कधी लावायच्याच नाहीत, ही उधळपट्टी आहे. आमच्या घरी आईने बसून यादी केली. न बघितलेल्या वाहिन्या काढल्या, तेव्हा महिन्याचे नव्वदेक रुपये वाचले.

ज्यांना हे नको त्यांना फ्री डिश आहेच. २०१७ पासून केंद्र सरकारच्या ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्याही त्यावर मोफत मिळू लागल्या. हिंदी-इंग्रजीचा भार जास्त आहे ही तक्रार रास्त आहे, पण कॉलेजात जाणाऱ्या मुलांना त्यांचा उपयोग होतो. इंटरनेटचा डेटा संपला तरी छत्रीवरचा धडा बंद पडत नाही.

आता रेकॉर्डिंगकडे येतो. शेतकऱ्याच्या घरी रेकॉर्डरची गरज का पडली, असे शहरातले आमचे सहकारी विचारतात. त्यांना ठाऊक नाही की आमच्याकडे शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री येते. जुन्नर-आंबेगाव हा बिबट्याचा भाग. रात्री बॅटरी आणि काठी घेऊन कांद्याला पाणी द्यायला जाणे हे जिवावरचे काम आहे आणि दिवसा वीज मिळावी ही आमच्या भागातली जुनी मागणी आहे. १८ मे २०१९ रोजी स्टार प्रवाह वाहिनीवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका सुरू झाली. भाऊ रात्री मोटार चालू करायला जाणार, मालिका चुकणार. भावजयीचीही तीच गत, मालिकेच्या वेळी ती चुलीपुढे. ती आम्हाला म्हणाली, “भाऊजी, सगळी वस्ती बघते आणि आम्हीच दोघं बघत नाही.” म्हणून एका कंपनीचा रेकॉर्ड करणारा बॉक्स घेतला. आत हार्ड डिस्क असते, मालिकेवर एकदा खूण केली की रोजचा भाग तो स्वतःच उतरवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर सगळे घर एकत्र बसून बघायचे. शेजारच्या दोन घरांतल्या म्हाताऱ्याही यायच्या. माता रमाईच्या प्रसंगी आई रडायची, तो भाग पुन्हा लावायला सांगायची. पुतणीने शाळेच्या भाषणासाठी काही भाग थांबवून थांबवून वहीत टिपून घेतले. आम्हाला वाटते, घरात आलेल्या यंत्राचा याहून चांगला उपयोग तोवर आमच्या घरी झाला नव्हता.

मग २०२० ची टाळेबंदी आली. बाजार बंद, कांद्याला गिऱ्हाईक नाही, भावाने दोन महिने रिचार्ज केला नाही. चालू वाहिन्या बंद झाल्या, हे समजण्यासारखे होते. पण आधी साठवलेले भागही उघडेनात. पडद्यावर रिचार्ज करा अशी पाटी. पैसे भरल्यावर ते पुन्हा दिसू लागले. पुढच्या वर्षी बॉक्स बिघडला. कंपनीचा माणूस आला, जुना बॉक्स कंपनीचा म्हणून घेऊन गेला आणि दुसरा बसवून दिला. नवा बॉक्स कोरा होता. शंभरावर भाग गेले. आम्ही फोन केला. पलीकडची मुलगी अत्यंत नम्रपणे म्हणाली, “सर, ती सोय नाही.” आईने विचारले, “पैसे आपण भरले, साठवलं आपण, मग ते त्यांचं कसं?” तिला उत्तर देण्यासाठी आम्हाला हे यंत्र जरा समजून घ्यावे लागले.

पैशाच्या वाहिन्यांचे चित्र उपग्रहातून कुलूप लावून येते. बॉक्समध्ये किल्ली असते, आणि ही किल्ली कंपनी आकाशातूनच वेळोवेळी बदलत राहते. वर्गणी भरलेल्या बॉक्सलाच नवी किल्ली मिळते. बॉक्स जे साठवतो तेही कुलूप लावूनच साठवतो. म्हणून तीच डिस्क काढून संगणकाला जोडली तरी चित्र दिसत नाही आणि काही बॉक्सना मागे पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करता येते, तो पेनड्राइव्हही दुसऱ्याच्या बॉक्सवर चालत नाही. थोडक्यात, आपण विकत घेतो ती बघण्याची परवानगी, चित्र नव्हे. आज अशा मालिका मोबाईलच्या ॲपवर मिळतात म्हणून काही जण निश्चिंत असतात. तेथेही भाडे आहे आणि कोणती मालिका किती दिवस ठेवायची ते मालक ठरवतो.

फ्री डिशवरच्या कुलूप नसलेल्या वाहिन्यांचे तसे नाही. बाजारातल्या अनेक साध्या बॉक्सना पेनड्राइव्हची जागा असते, त्यावर उतरवलेले चित्र सहसा संगणकावरही चालते. साध्या दर्जाचा एक तासाचा कार्यक्रम दीड ते दोन जीबी जागा घेतो, तेव्हा ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर पंधरा-सोळा तास बसतात. बॉक्स घेताना दुकानातच पाच मिनिटे रेकॉर्ड करून, पेनड्राइव्ह काढून दुकानदाराच्या संगणकावर लावून बघावा. “हो हो, चालतं” या शब्दावर विसंबू नये. मोठ्या कार्यक्रमाचे काही बॉक्स चार-चार जीबीचे तुकडे करतात, त्यात बिघाड काही नाही. तुकडे ओळीने लावले की झाले.

कायद्याचेही एक वाक्य सांगून ठेवतो, कारण आपल्या उत्साही कार्यकर्त्यांना त्याची गरज असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःच्या खासगी उपयोगापुरत्या न्याय्य वापराला मुभा आहे. अमेरिकेतही १९८४ साली घरच्या व्हीसीआरवर नंतर बघण्यासाठी उतरवून घेणे गैर नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला, तोही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मताने. पण उतरवलेली मालिका जयंतीच्या मंडपात तिकीट लावून दाखवणे किंवा तिच्या प्रती विकणे ही वेगळी गोष्ट. त्या भानगडीत कोणत्याही मंडळाने पडू नये.

मालिका गेल्या, त्याचे दुःख आम्ही फार केले नाही. मालिका दुसऱ्याने काढलेली, आज ना उद्या पुन्हा दिसेल. दुसऱ्या एका साठवणीने मात्र आमची झोप उडवली आहे. आपल्या समाजाच्या हाती स्वतःची चित्रे किती थोडी आहेत, याचा विचार करा. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेची हलती चित्रे आज आपण बघतो, ती आहेत कारण नामदेवराव व्हटकर या लेखक-चित्रपटकाराने ७ डिसेंबर १९५६ रोजी पदरमोड करून कॅमेरा उभा केला. त्या दिवशी मुंबईत लाखोंचा सागर लोटला होता. चित्र घ्यावे, ते पुढच्या पिढीसाठी हवे, हे त्या माणसाला सुचले आणि त्याने स्वतःचा पैसा घातला. लोककवी वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. त्यांची गाणी लोकांच्या वह्यांतून, टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमधून टिकली. कोणत्या कंपनीने ती जपावीत म्हणून कोणी थांबले नाही.

आणि आता आपल्या घरोघरी बघा. नव्वदीच्या दशकात लग्नाचे, बुद्धवंदनेचे, विहाराच्या उद्घाटनाचे, जयंतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ शूटिंग करण्याची लाट आली होती. ऐपत नसताना लोकांनी पैसे दिले. त्या व्हीएचएस कॅसेट आज कपाटाच्या वर, पलंगाखाली, धान्याच्या कोठीशेजारी पडल्या आहेत. त्यांत कोणाचे वडील भाषण करताना आहेत. कोणाची आजी, जी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेली होती, ती दीक्षेची हकीकत सांगताना आहे. ही माणसे आता नाहीत. फीत ओल धरते, चिकटते, तिला बुरशी लागते. व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची कंपनी फुनाई, तिनेही २०१६ साली उत्पादन थांबवले. म्हणजे चालू असलेले यंत्र दर वर्षी कमीच होत जाणार. फीत शाबूत राहील आणि ती लावायला यंत्र नसेल, अशीही पाळी येईल.

आम्ही गेल्या पावसाळ्यापासून वस्तीतल्या कॅसेट गोळा करायला घेतल्या. चाळीस जमल्या. एक जुना व्हीसीआर दुरुस्त करून घेतला. त्याच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल अशा तीन वायरी एका लहान जोडणीत घालायच्या आणि ती संगणकाच्या यूएसबीला लावायची. पिवळी चित्राची, बाकीच्या दोन आवाजाच्या. व्हीसीआर चालू केला की चित्र संगणकात उतरत जाते. घाई करता येत नाही, तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात. चाळीस कॅसेट म्हणजे जास्तीत जास्त १२० तास, दर रविवारी सहा तास बसले तर वीस रविवार. तासाला दोन जीबी धरले तर २४० जीबी. पाचशे जीबीची एक हार्ड डिस्क पुरते, पण आम्ही दोन घेतल्या. एक गावी राहील, एक पुण्यात. एका घरात पाणी शिरले किंवा चोरी झाली तर दुसरी आहे. डिस्कही कायमची नसते, दर चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर प्रत करावी लागेल, हे काम पुतणीने आपणहून अंगावर घेतले आहे.

पहिल्या रविवारी १९९४ सालच्या एका लग्नाची कॅसेट लावली. चित्र थरथरत होते, खाली बर्फासारखी पट्टी होती. नवरदेव म्हणजे आज नातवंडे असलेले गृहस्थ, ते शेजारीच बसले होते. नवरा-नवरीकडे कोणाचे लक्ष नव्हते. मंडपाच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन पाण्याचा हंडा उतरवणारी एक बाई चार सेकंद दिसली. “थांबव, थांबव,” असे ते ओरडले. ती त्यांची आई. घरात तिचा एकही फोटो नव्हता. त्या चार सेकंदांतून एक चित्र थांबवून कागदावर काढून दिले, ते आता त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलेले आहे.

ज्या वाचकांना हे काम आपल्या गावी करायचे आहे त्यांनी दोन-चार गोष्टी पाळाव्यात. लेबल कोरे असेल तर घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून साल, गाव आणि निमित्त आधी लिहावे, कारण ते सांगणारी माणसे कॅसेटपेक्षा लवकर जातील. कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. मोठ्या स्पीकरच्या बाजूला ठेवू नयेत, त्यातल्या लोहचुंबकाने फीत पुसली जाते. कॅसेटच्या मागचा लहान प्लॅस्टिकचा तुकडा शाबूत असेल तर तो मोडून टाकावा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही उमटणार नाही. खिडकीतून बघितल्यावर फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजावी. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नये. यंत्राच्या डोक्याला बुरशी लागली की पुढची प्रत्येक कॅसेट खराब होते. ती पिशवीत बांधून वेगळी ठेवावी आणि साफ करण्याची माहिती असलेल्या माणसाकडेच द्यावी. आमच्या चाळीसपैकी सहा तशा निघाल्या आहेत.